ढग मोजावा कसा?



गुहागर तालुक्यांतील हेदवी हें माझें मूळ गांव. दशभुज गणपतीच्या दर्शनास येणारी बहुतेक मंडळी मागाहून समुद्राकडे उतरतात, ती बामणघळ पाहण्यासाठीं. उमा-महेश्वराच्या देवळाजवळ काळ्या खडकाला एक अरुंद, खोल चीर पडलेली आहे. भरतीची लाट त्या चिरेंत शिरते, आंत कोंडते, आणि माणसाच्या कित्येक पट उंच असा पांढरा फवारा वर उसळतो. लहानपणीं आम्हां मुलांचा एक खेळ असे. घळीकडे पाठ करून उभें राहावयाचें, आणि नुसता आवाज ऐकून 'आजची भरती केवढी' तें सांगावयाचें. घरांतील वडील माणसें हंसत आणि म्हणत, "अरे, फवाऱ्यावरून समुद्र ओळखूं नको. आधीं तिथि पाहा, मग वारा पाहा." त्यांचें म्हणणें बरोबर होतें. फवाऱ्याची उंची समुद्रावर जितकी अवलंबून, तितकीच घळीच्या आकारावर. अष्टमीच्या लहान भरतीलाहि वारा सरळ घळींत शिरला तर पाणी उंच जातें, आणि अमावास्येच्या उधाणालाहि कधीं कधीं नुसता फुसका आवाज होतो.

आज मला बोलावयाचें आहे तें समुद्राविषयीं नव्हे, ढगाविषयीं; आणि तोहि पावसाचा ढग नव्हे. आपल्या घरांतील छायाचित्रें, बँकेचीं खातीं, मुलांचा अभ्यास, दुकानाचे हिशेब हें सारें आतां 'क्लाउड'वर असतें असें आपण म्हणतों. नांव ढगाचें असलें तरी वस्तु अगदीं जमिनीवरची आहे. ठाणें-बेलापूर रस्त्यानें ऐरोली, रबाळे, महापे या बाजूस जाऊन पाहा. खिडक्या जवळजवळ नाहींतच अशा उंच, रुंद इमारती दिसतील. गच्चीवर हवा थंड करणाऱ्या यंत्रांच्या रांगा, मागच्या अंगास डिझेलवर चालणारीं जनित्रें, आणि कुंपणाशीं विजेचें उपकेंद्र. हींच डेटा सेंटरें. आंत लोखंडी कपाटांच्या रांगा असतात, त्यांना रॅक म्हणतात. आणि एकेका रॅकमध्यें एकावर एक रचलेले सर्व्हर अहोरात्र चालूं असतात. भारतांतील अशा क्षमतेपैकीं निम्म्याच्या आसपास क्षमता एकट्या मुंबई परिसरांत एकवटली आहे. कारण उघड आहे. पेढ्या आणि शेअरबाजार येथें आहेत, आणि समुद्राखालून येणाऱ्या तारा येथेंच किनाऱ्याला लागतात. ही दुसरी गोष्ट तर फारच जुनी आहे; 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य आगबोटीनें १८७० मध्यें मुंबई आणि एडन यांच्यामध्यें तारायंत्राची केबल टाकली तेव्हांपासूनची.

हा ढग किती आहे आणि किती वेगानें वाढत आहे, हा आजचा प्रश्न. त्याचें माप चौरस फुटांत घेत नाहींत, विजेंत घेतात. पनवेलजवळ २०२० च्या जुलै महिन्यांत 'योट्टा एनएम-वन' नांवाचें केंद्र सुरू झालें, त्याचें वर्णन ७,२०० रॅक आणि ५० मेगॅवॉट असें करण्यांत आलें. भागाकार केला तर एका रॅकला सुमारें ७ किलोवॉट येतात. आज कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं जीं नवीं यंत्रें निघालीं आहेत त्यांच्या एकाच रॅकला १२० किलोवॉटच्या घरांत वीज लागते. म्हणजे जो मनुष्य नुसते रॅक मोजीत बसेल त्याचा हिशेब सतरा पटींनीं चुकूं शकेल. मेगॅवॉट हें माप त्यामानानें स्थिर आहे. आणि वीज आपल्या सर्वांच्या सामाइक तारांतून येते, म्हणून तें मापच आपल्या कामाचेंहि आहे.

आतां कोणी विचारील कीं, या कंपन्यांच्या घरचा हिशेब आपल्याला कशाला हवा? याचें उत्तर आमच्या गुहागर तालुक्यांतच उभें आहे.

हेदवीहून तासाभराच्या मोटारप्रवासावर, वाशिष्ठी जेथें समुद्राला मिळते तेथें, अंजनवेलला एक प्रचंड वीजकेंद्र आहे. दाभोळचा प्रकल्प म्हणून, एन्रॉनचा प्रकल्प म्हणून, तें आपणां सर्वांस ठाऊक आहे. १९९२ मध्यें महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाशीं प्राथमिक बोलणीं झालीं आणि १९९३ च्या डिसेंबरांत वीजखरेदीचा करार झाला. दोन्ही टप्पे मिळून क्षमता दोन हजार मेगॅवॉटच्या वर जावयाची होती. कराराचें मर्म असें होतें कीं, मंडळानें वीज घेवो वा न घेवो, केंद्र तयार असल्याबद्दलचा स्थिर आकार मंडळानें भरलाच पाहिजे. म्हणजे महाराष्ट्राची विजेची भूक पुढील वर्षांत किती वाढेल, या एका अंदाजावर सारा डोलारा उभा होता. आणि तो अंदाज ज्यांना वीज विकावयाची होती त्यांना सोयीचा होता. १९९३ मध्येंच जागतिक बँकेनें हा प्रकल्प आर्थिक दृष्ट्या परवडणारा नाहीं असें सांगून कर्ज देण्याचें नाकारलें. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेंतील मंडळींनीं, हातीं लागतील ते कागद जमवून, बाहेरच्या बाहेर प्रकल्पाचा तांत्रिक आणि आर्थिक हिशेब मांडला व १९९५ मध्यें तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं सरकारनें करार रद्द केला, १९९६ मध्यें फेरबदल करून पुन्हां केला. १९९९ च्या मे महिन्यांत ७४० मेगॅवॉटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. पुढें नाफ्था महागला, रुपया उतरला, आणि घ्यावयाची म्हटलेली वीज घेण्याइतकी ऐपत वा गरज मंडळाला राहिली नाहीं. २००१ च्या मे अखेरीस केंद्र बंद पडलें. त्याच वर्षीं माधव गोडबोले यांच्या समितीनें सर्व व्यवहाराची झडती घेतली, आणि डिसेंबरांत खुद्द एन्रॉन कंपनीचें दिवाळें निघालें. २००५ मध्यें रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन होऊन २००६ मध्यें यंत्रें पुन्हां फिरूं लागलीं.

मधलीं पांच वर्षें आम्ही त्या धुराड्यांकडे पाहत होतों. बाहेरगांवचा पाहुणा आला कीं तो म्हणे, "केवढी ही वीज!" वीज कोठें होती? होती ती क्षमता. दोहोंतील अंतर आमच्या तालुक्याला पुस्तक न वाचतां कळलें.

डेटा सेंटरांच्या बाबतींत तोच प्रश्न दुसऱ्या टोकानें येतो. तेव्हां वीज विकणारा 'मागणी पुष्कळ आहे' म्हणत होता. आतां वीज घेणारा म्हणत आहे. त्याच्या शब्दावर उपकेंद्रें बांधावयाचीं, उच्च दाबाच्या वाहिन्या ओढावयाच्या, जुनीं वीजकेंद्रें चालूं ठेवावयाचीं. मागणी खरी ठरली नाहीं तर त्या तारांचा खर्च इतर ग्राहकांच्या दरांत मिसळतो. आणि अंदाजापेक्षां अधिक ठरली तर उन्हाळ्याच्या ऐन दुपारीं ओढाताण होते. आंतील खरा आंकडा ज्यांना माहीत आहे त्यांचें हित मात्र दुहेरी असतें. भांडवलदारांपुढें तो मोठा करून सांगावयाचा, आणि प्रतिस्पर्ध्यापासून लपवावयाचा. म्हणून बाहेरून मोजण्याची विद्या हवी.

या विद्येंतील सर्वांत सुरस प्रकरण महायुद्धांतील आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनी दरमहा किती रणगाडे बनवितो हें दोस्तांना हवें होतें. हेरांच्या बातम्यांवरून १९४२ च्या ऑगस्टमध्यें हा आंकडा १,५५० धरला गेला होता. कांहीं संख्याशास्त्रज्ञांनीं निराळी वाट धरली. हातीं लागलेल्या रणगाड्यांच्या सुट्या भागांवर कारखान्याचे अनुक्रमांक असत. त्यांवरून त्यांनीं गणित करून ३२७ हा आंकडा काढला. युद्धानंतर जर्मन दप्तरांत पाहतां खरा आंकडा ३४२ निघाला! हें गणित घरीं करून पाहण्याजोगें सोपें आहे. समजा, एका बंदरांतील होड्यांना एकपासून ओळीनें क्रमांक दिले आहेत, आणि तुम्हांला किनाऱ्यावर पांचच होड्या दिसल्या: १२, ३१, ४७, ५८ आणि ७०. सर्वांत मोठा क्रमांक ७०. त्याला पांचानें भागलें, १४ आले. ते सत्तरांत मिळवून एक वजा केला, ८३ झाले. बंदरांत सुमारें ८३ होड्या असाव्यात. दिसलेल्या क्रमांकांमध्यें सरासरीनें जेवढें अंतर पडतें, तेवढेंच अंतर शेवटच्या दिसलेल्या होडीच्या पलीकडे असेल, एवढीच त्यांतील कल्पना.

हीच युक्ति ढगावर चालविण्यांत आली. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्यें भाड्यानें यंत्र घेतलें कीं त्याला एक क्रमांक मिळे. तो वरवर अर्थहीन दिसे, परंतु २००९ मध्यें एका अभ्यासकानें त्याची रचना उकलली, एका दिवसाच्या अंतरानें क्रमांक घेऊन वजाबाकी केली, आणि अमेरिकेच्या पूर्वेकडील एका विभागांत चोवीस तासांत सुमारें ५०,००० यंत्रें मागितलीं गेलीं असें दाखवून दिलें. २०१२ मध्यें दुसऱ्या एकानें यंत्रांच्या जाळ्यांतील पत्त्यांवरून रॅक मोजले. ते ७,१०० च्या आसपास भरले. प्रत्येकांत ६४ सर्व्हर धरून त्यानें ४,५४,४०० हा आंकडा जाहीर केला. आंकडा मोठा झोकदार दिसतो. पण त्यांत मोजलेले काय आणि मानलेले काय, तें पाहा. रॅक मोजले, ६४ मानले. त्या ६४ च्या जागीं ४८ घाला, कीं तेंच उत्तर ३,४०,८०० वर येतें. शेवटचा चारशेंचा आंकडा तर केवळ गुणाकाराची कृपा होय. अंदाजाला जितके अधिक अंक, तितका तो अधिक खरा, असें वाटण्याचा आपला स्वभाव आहे. तो येथें आवरावा लागतो.

अशा खिडक्या फार दिवस उघड्या राहत नाहींत. क्रमांकांची रचना पुढें बदलली. २०१६ पासून ते लांब झाले आणि वजाबाकीचा मार्ग बंद झाला. आपल्या जाळ्यांतील पत्त्यांच्या पट्ट्यांची यादी ॲमेझॉन २०१४ पासून स्वतःच प्रसिद्ध करते, परंतु एका पत्त्याच्या आड शेंकडों यंत्रें राहूं शकतात, आणि पत्ते पुढच्या सोयीसाठीं आधींच घेऊन ठेवलेलेहि असतात.

मग माणसें ताळेबंदाकडे वळतात. अमेरिकेंतील या कंपन्यांना दर तिमाहीस भांडवली खर्च जाहीर करावा लागतो, आणि तेथें खोटें बोलणें महाग पडतें. ॲमेझॉननें २०२४ मध्यें मालमत्ता व यंत्रसामुग्रीवर सुमारें ८३ अब्ज डॉलर खर्च केले. परंतु ही कंपनी क्लाउडबरोबर घरपोंच मालाचा धंदाहि करते. त्या रकमेंत गोदामें आणि मालवाहतुकीची साधनें मिसळलेलीं आहेत. शिवाय ढग किती वाढला हें काढावयाचें तर नवीं यंत्रें किती आलीं एवढें पुरत नाहीं, जुनीं किती गेलीं तेंहि हवें. सर्व्हरचें आयुष्य ॲमेझॉन आपल्या हिशेबांत पूर्वीं तीन वर्षें धरी. तें २०२० मध्यें चार, २०२२ मध्यें पांच आणि २०२४ मध्यें सहा वर्षें झालें; २०२५ मध्यें त्यांपैकीं कांहीं यंत्रांपुरतें पुन्हां पांचावर आणलें. हिशेबनिसाची ही एक ओळ बदलली कीं बाहेरच्या माणसाचें उत्तर बदलतें, आणि मग नफाहि बदलतो, पण तो विषय निराळा.

शिवाय डॉलरांच्या आंकड्यांवरून महापे येथें काय आहे तें कळत नाहीं. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ च्या जूनमध्यें उघडला. २०२५ च्या जानेवारींत त्या कंपनीनें २०३० पर्यंत महाराष्ट्रांत ८.३ अब्ज डॉलर गुंतविण्याची घोषणा केली. घोषणेंत पैसा असतो, मेगॅवॉट नसतो. वर्षवार हप्तेहि नसतात. म्हणून मी स्वतः घोषणेपेक्षां आपल्याकडील रुक्ष सरकारी कागदांवर अधिक विश्वास ठेवतों.

पहिला कागद जमिनीचा. खरेदीखत नोंदलें गेलें कीं त्याचा गोषवारा नोंदणी खात्याच्या सूची क्रमांक दोनमध्यें येतो. लोकांच्या तोंडीं तो 'इंडेक्स टू' म्हणून आहे. अशाच नोंदींवरून २०२४ मध्यें मायक्रोसॉफ्टनें हिंजवडींत सुमारें १६ एकर जमीन ५२० कोटींना घेतल्याचें कळलें. त्याच वर्षीं ॲमेझॉनच्या कंपनीनें डोंबिवलीजवळ पलावा येथें सुमारें ३८ एकर ४५० कोटींना घेतले. जमीन हा सर्वांत लवकर दिसणारा, आणि म्हणूनच सर्वांत कमी भरंवशाचा संकेत होय. तिच्यावर दोन वर्षांनीं इमारत उभी राहील, किंवा दहा वर्षें गवत वाढेल.

दुसरा कागद अधिक बोलका आहे. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणें २०,००० चौरस मीटरहून मोठ्या बांधकामास पर्यावरणविषयक मंजुरी लागते. त्या अर्जांत विजेची मागणी, पाणी, आणि मुख्य म्हणजे डिझेल जनित्रांची संख्या व शक्ति लिहावी लागते. डेटा सेंटरला क्षणभरहि अंधार चालत नाहीं, म्हणून त्याला सर्व भार पेलण्याइतकीं जनित्रें ठेवावींच लागतात. जाहिरातींत आंकडा फुगवितां येतो, परंतु न लागणारें जनित्र कोणी विकत घेत नाहीं. एक काल्पनिक उदाहरण घेऊं. अर्जांत २,५०० केव्हीएचीं २० जनित्रें आहेत. ०.८ नें गुणलें तर एकेकाचे २ मेगॅवॉट, सगळे मिळून ४०. जाहिरातींत हाच ४० चा आंकडा झळकण्याचा संभव फार. परंतु चार जनित्रें एखादें बिघडलें तर म्हणून राखीव असतील. तीं वगळलीं कीं ३२ मेगॅवॉट उरले. या ३२ मध्यें यंत्रें थंड ठेवण्याची वीजहि आली. यंत्रांना लागणाऱ्या प्रत्येक युनिटामागें एकूण १.४ ते १.६ युनिट खर्च होतात असें आपल्या दमट हवेंत धरूं. म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हरांच्या वांट्याला २० ते २३ मेगॅवॉट येतात. चाळीसांचे वीस झाले, आणि कोणी खोटें बोललें नाहीं!

गच्चीवरील यंत्रें आतां उपग्रहाच्या छायाचित्रांतहि मोजतां येतात. त्यांचा आंकडा आणि जनित्रांचा आंकडा जुळला तर अनुमानाला बळ येतें, कारण हीं दोन चिन्हें निरनिराळ्या कारणांनीं उमटलेलीं असतात. एक उष्णतेमुळें, दुसरें अंधाराच्या भयामुळें. घळीचा फवारा आणि पंचांगांतील तिथि जुळावी, तसें हें आहे. पाण्याच्या आंकड्यावर मात्र मी फारसा विसंबत नाहीं. कांहीं केंद्रें पाणी उडवून थंड करतात, कांहीं नुसत्या हवेनें.

एवढें करून आपल्या हातीं येते ती बांधलेली क्षमता. ती किती वापरांत आहे, हा प्रश्न अजून शिल्लक राहतोच. आणि खरा घोटाळा येथें होतो. घोषित, बांधलेली, वीज जोडलेली आणि प्रत्यक्ष वापरांतील अशा चार निरनिराळ्या क्षमता आहेत; लिहिणारे त्यांची सर्रास बेरीज करतात. गेल्या वर्षींची वापरांतील क्षमता आणि यंदाची घोषित क्षमता शेजारीं ठेवली कीं वाढ कांहींच्या बाहीं दिसते. आपल्या घरच्या विजेच्या बिलावर 'मंजूर भार' असा एक रकाना असतो. समजा, तेथें ५ किलोवॉट आहेत. महिनाभर अहोरात्र तेवढा भार चालला तर ३,६०० युनिट होतील. तुमचें बिल येतें दोनशें युनिटांचें. डेटा सेंटरचें प्रमाण घराइतकें वाईट नसतें, परंतु नव्या इमारतींत रॅक भरण्यास वर्षें लागतात. वरच्या उदाहरणांतील ३२ मेगॅवॉट पूर्ण भारानें वर्षभर चालले तर सुमारें २८ कोटी युनिट होतात. महिना दोनशें युनिट वापरणाऱ्या १,१७,००० कुटुंबांची ती वीज आहे. निम्म्या भारावर चालले तर १४ कोटी. वाहिनी मात्र दोन्ही वेळां ३२ ची ओढावी लागते.

ही वाढ म्हणजे गणनशक्तीची वाढ नव्हे, हेंहि लक्षांत ठेवावें. नवें यंत्र तेवढ्याच विजेंत जुन्याहून पुष्कळ अधिक काम करतें. म्हणून मेगॅवॉट दुप्पट झाले तर काम दुप्पटीहून अधिक झालेलें असतें. परंतु तारा आणि रोहित्रें यांना कामाशीं कर्तव्य नाहीं. त्यांना भार कळतो.

वीजदराच्या प्रत्येक मोठ्या अर्जावर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग लोकांच्या सूचना व हरकती मागवितो आणि जाहीर सुनावणी घेतो. पुढील वर्षांत मागणी किती वाढेल याचे वितरण कंपनीचे अंदाज त्या अर्जांत छापलेले असतात. तेथें जाणाऱ्या श्रोत्यानें एकच प्रश्न लेखी विचारावा: ठाणें-बेलापूर पट्ट्यांतील डेटा सेंटरांचा करारांतील मंजूर भार एकूण किती, आणि गेल्या बारा महिन्यांत त्यांनीं एकाच वेळीं घेतलेला सर्वांत मोठा भार किती? एकेका ग्राहकाचें नांव सांगण्याची आवश्यकता नाहीं, म्हणून कोणाचें गुपितहि फुटत नाहीं. दोन आंकडे मागावे, आणि पुढल्या वर्षीं तेच दोन पुन्हां मागावे.